सरलाकाकूंच्या दारात कोणी ‘येतो’ म्हणत नाही

हे मी लिहिणारच नव्हती. खरंच. लिहिलं, पुसलं, परत लिहिलं, परत पुसलं. मग आई मागून वाकून पाहत म्हणाली, "त्या घराचं नको लिहू वो बाई, लोक म्हणतील पोट्टीले दुसरा विषय नाही भेटला." म्हणून लॅपटॉप बंद केला. आणि लगेच उघडला. मला राहवत नाही, काय करू. चुका असतील, मी फास्ट टाइप करते आणि मागं वळून वाचत नाही. सांभाळून घ्या.

सौंसरला राहत असाल तर ते घर तुम्हाला माहीत आहे. जामसांवलीकडं जाणाऱ्या रस्त्यावर, हिरवा दरवाजा, वर ‘श्रीकांत फोटो स्टुडिओ’ची पाटी, तिचा अर्धा रंग उडालेला. शनिवारी हनुमानजीला पायी जाणारे सगळे त्याच घरासमोरून जातात. दारात एक बाई बसलेली असते, चष्मा नाकावर, पाय पायरीवर. त्या सरलाकाकू. तुम्ही पाहता आणि मान वळवता. मीही वळवत होती. लहानपणी तर तिथून पळत जायची.

कारण काकूंच्या घरी माणूस एकाच कामासाठी जातो.

श्रीकांतकाका फोटोग्राफर होते. सौंसर, लोधीखेडा, पार पांढुर्ण्यापर्यंत लग्न म्हटलं की काका. जावळं, वास्तू, साक्षगंध, सगळीकडं काका. ते फोटो, व्हिडिओ काढायचे आणि काकू घरी कॉम्प्युटरवर अल्बम जुळवायच्या. मग काका गेले. हार्ट अटॅक, एका लग्नाहून घरी येतानी. स्टुडिओ बंद झाला, कॅमेरा कपाटात गेला, पण कॉम्प्युटर राहिला आणि त्यात सगळ्या तहसीलचे चेहरे राहिले.

आता आपल्या घरातलं म्हातारं माणूस गेलं की काय होतं माहीत आहे ना. फ्रेम करायला फोटोच नसतो. आधार कार्डावरचा असतो, पण त्यात माणूस चोरी करतानी पकडल्यासारखा दिसतो, त्याला हार कसा घालणार. मग कोणीतरी म्हणतं, "सरलाबाईकडं जा." काकू विचारतात, कोणाकोणाच्या लग्नात गेले होते ते? मग एकेक लग्न उघडतात. नवरीच्या मागं, पंगतीत, मंडपाच्या खांबाशी कुठंतरी तो माणूस सापडतो. चांगला हसून राहिलेला. काकू त्याला कापून, उजेड करून, मागं निळं आकाश देऊन पेनड्राइव्हमध्ये टाकून देतात. तेरवीच्या बॅनरवर जे चेहरे तुम्ही पाहता ना चौकात, त्यातले कितीतरी काकूंनी शोधलेले आहेत.

म्हणून गावात कोणी सांगितलं की सरलाकाकूंकडं चाललो, तर समोरचा विचारतो, "कोण गेलं?"

मी पहिल्यांदा गेली ती माझे आबा गेले तेव्हा. घरात सगळे रडून राहिले होते, मलाच पाठवलं. काकूंनी दार उघडलं, पेनड्राइव्ह माझ्या हातातून घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या,

"याले आंघोळ घातल्याशिवाय मी आत घेत नाही."

मला वाटलं पाण्यात बुडवतात की काय.

"अवं स्कॅन वो," त्या म्हणाल्या. "मयतीहून आलं की आपण आंघोळ करतो का नाही? मंगच घरात शिरतो. हा त कुठून कुठून फिरून आला. झेरॉक्सवाल्याकडून आला, बॅनरवाल्याकडून आला, तुह्या कॉलेजातून आला. याले कोणाकोणाचं काय लागलं, मले काय माहीत? माह्या घरात सारा गाव बसून आहे. त्यायले नको लागाले."

पेनड्राइव्ह लावून त्यांनी स्कॅन सुरू केलं. कॉम्प्युटर जुना, हिरवी पट्टी गोगलगायीसारखी सरकून राहिली होती. मी बीसीएला आहे, मला घाई, मी म्हटलं, "काकू, क्विक स्कॅन करा ना, लवकर होते."

"असू दे. गेलेला माणूस काही पळून नाही चालला. बस. कसे होते आबा?"

आणि मी सांगत बसली. घरी कोणी विचारलंच नव्हतं ना, घरी सगळ्यांना माहीत होतं आबा कसे होते. मी सांगितलं, आबा पंगतीत वाढायला सगळ्यात पुढं असायचे, कोणाचंही लग्न असो, बुंदीची बादली आबांच्याच हातात. काकू एकदम म्हणाल्या, "बादलीवाले? अवं, ते त माह्याकडं दहा लग्नात आहेत!" पट्टी पूर्ण झाली, व्हायरस नाही निघाला, आणि त्यांनी आबा शोधले. घामानं भिजलेले, खांद्यावर शेला, हातात बादली, कोणाला तरी रागावून हसत होते. काकूंनी बादली कापली. मी म्हटलं, बादली राहू द्या ना. त्या म्हणाल्या, "हाराखाली बादली चांगली नाही दिसत बाई." मग माझं तोंड पाहिलं आणि दुसरा एक बादलीसकट पण टाकून दिला. तो माझ्या मोबाइलवर आहे अजून.

निघतानी मी काही बोलली नाही. आपल्याकडं मयतीच्या घरून निघतानी ‘येतो’ म्हणत नाहीत, माहीत आहे तुम्हाला. म्हटलं की परत त्याच कामासाठी यावं लागते. गुपचूप उठायचं आणि चप्पल घालायची. आता काकूंच्या घरी काही मयत नसते, मयत आपल्या घरी असते. पण लोकांनी तोच नियम तिथं पण लावला. गुपचूप उठतात, चप्पल घालतात. मी पण तशीच निघाली. गेटपाशी वळून पाहिलं तर काकू दारात उभ्या होत्या, जसं काही ऐकायचं राहून गेलं.

ते माझ्या डोक्यातून जाईना. आबांची तेरवी झाली, कॉलेज सुरू झालं, मी रोज बसनं पांढुर्ण्याला जाऊन येऊन राहिली, आणि एका दिवशी बस स्टँडवर उतरून घरी जायच्या ऐवजी सरळ तिकडं गेली. काही ठरवलं नव्हतं. दार वाजवलं.

काकूंनी उघडलं, चष्मा वर केला. "कोण गेलं वो?"

"कोणीच नाही काकू. अशीच आली."

"अशीच म्हणजे?"

"म्हणजे... अशीच."

त्या बघतच राहिल्या. मग हात पुढं केला. "आण पेनड्राइव्ह."

"नाही आणला."

"मंग कसं करतं आता?" असं म्हणाल्या त्या, आणि खरंच त्यांना सुचून नव्हतं राहिलं काय करावं माझं. मग माझ्या बॅगेतून मीच माझा प्रॅक्टिकलचा पेनड्राइव्ह काढून दिला, तेव्हा कुठं त्यांचा जीव शांत झाला. लावला, पूर्ण स्कॅन सुरू केलं, आणि म्हणाल्या, "बस आता. चहा ठेवते." तेव्हा मला समजलं की पट्टी सरकते तेवढाच वेळ त्यांच्याकडं माणूस बसतो. क्विक स्कॅन का करत नाहीत, ते पण समजलं.

मग मी जातच राहिली. त्यांच्या भिंतीवर काकांची फ्रेम आहे, तुम्ही गेलात तर पाहा. काकांचं तोंड दिसत नाही. ब्यूटी पार्लरच्या आरशासमोर नवरी बसली आहे आणि आरशात मागं काका उभे, डोळ्याला कॅमेरा लावून. नवरी कापून टाकली. "साऱ्या गावाचे फोटो काढले माणसानं," काकू म्हणाल्या, "अन् याचा काढाले कोणी नव्हतं. मी होती, पण मले कॅमेरा धरता येत नव्हता." आणि हसल्या. त्या असं काही सांगून हसतात, मला रडू येते.

काकूंची एकच मैत्रीण होती, लोधीखेड्याची देवकाबाई. दोघी एका वर्गातल्या. देवकाबाईचे गुडघे गेलेले, येणं होत नव्हतं, म्हणून ती वाडीतली संत्री थैलीत भरून बसच्या कंडक्टरजवळ द्यायची आणि काकू स्टँडवर जाऊन थैली घ्यायच्या. रोज सकाळी फोन. मी बसली असतानी एकदा आला, स्पीकरवर होता.

"काय करून राहिली सरले?"

"काही नाही. पोरगी आली आहे."

"कोण मेलं तिचं?"

"कोणी नाही मेलं वो! अशीच येते थे."

"अशीच?" तिकडून हसण्याचा आवाज. "पोरी, डोकं ठिकाण्यावर आहे ना तुहं?"

मागच्या उन्हाळ्यात देवकाबाई गेली. तिचा भाचा कुलदीप पेनड्राइव्ह घेऊन आला, पांढुर्ण्याला त्याचं बियाण्याचं दुकान आहे. मी तेव्हा नव्हती, काकूंनी मग सांगितलं. तो म्हणाला, मोबाइलवर काढलेले आत्याचे शेवटचे फोटो यात आहेत, मावशी, त्यातला एक चांगला करून द्या. काकूंनी कितीक दिवसापासून देवकाबाईचं तोंड पाहिलं नव्हतं. आवाज रोज, पण तोंड नाही. पेनड्राइव्ह लावला तर समोर पिवळं फोल्डर, त्याच्यावर नाव लिहिलेलं, ‘देवका आत्या’.

आणि काकूंनी आंघोळ न घालता ते उघडलं.

एवढ्या वर्षांत एकदाच. कुलदीप घाई करत नव्हता, तो त बिचारा गप उभा होता. काकूंनाच धीर नाही निघाला. मला सांगतानी म्हणाल्या, "सुतक त माह्यावर पण होतं ना वो. बाहेरचं थोडीच होतं ते, की धुऊन घेऊ?"

ते फोल्डर नव्हतं. हे व्हायरस असंच करतात. खऱ्या फोल्डरला लपवतात आणि त्याच नावाचं, तसंच पिवळं चित्र लावून स्वतः बसतात. आपण माणसाचं नाव पाहून क्लिक करतो आणि आत दुसरंच असते. थोड्या वेळानं लग्नं एकेक करून पांढरी व्हायला लागली. फोटोच्या जागी कोरा कागद आणि नावाच्या मागं काहीतरी अगडंबगडं शेपूट. बॅकअपची डिस्क पण कॉम्प्युटरला लावलेलीच होती, विसरायला नको म्हणून काकू कधी काढतच नव्हत्या. ती पण गेली. इंग्रजीत एक चिठ्ठी आली स्क्रीनवर, फोटोंना कुलूप लावलं आहे, उघडायचे तर पैसे पाठवा म्हणून.

मी गेली तर काकू खुर्चीत बसल्या होत्या, हात मांडीवर, स्क्रीन चालू. मी येडीसारखी पहिले वायर उपटली. मग आमच्या कॉलेजच्या अरविंद सरांना फोन लावला. सर म्हणाले, फॉरमॅट मारू नको, जुनी डिस्क काढून ठेव, एखाद्या दिवशी अशा कुलपाची किल्ली कोणी काढतेही, नवीन डिस्क टाक. सगळं केलं. सरांनी दिलेल्या साफ पेनड्राइव्हनं कॉम्प्युटर सुरू केला, पूर्ण तपासला, परत तपासला. शेवटी हिरवं चिन्ह आलं. काही धोका नाही.

"गेला काकू व्हायरस!" मी ओरडलीच.

"अन् फोटो?"

मी काढून ठेवलेली जुनी डिस्क त्यांच्यापुढं ठेवली.

"म्हणजे चोर गेला, पण कुलूप लावून गेला," काकू म्हणाल्या. मग स्क्रीनकडं पाहिलं. नवीन डिस्क, काहीच नाही त्यात, नुसता निळा रंग. आणि हळूच म्हणाल्या, "शिवानी, आता त मेल्यावर पण कोणी येणार नाही माह्याकडं."

घरी येतानी रस्ताभर मला तेच ऐकू येत होतं.

मग मला सुचलं. ज्या ज्या लग्नाचे फोटो काकूंनी दिले, ते त्या त्या घरी असतीलच ना! पेनड्राइव्हमध्ये, सीडीत, कपाटात साड्यांच्या खाली. सगळ्यांनी एकेक वेळा आणून दिलं की सारा गाव परत गोळा होईल. मी आपल्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला, तुम्हाला आठवत असेल. हात जोडलेले इमोजी बावीस जणांचे आले. काकूंच्या घरी गेलं कोणीच नाही. एकानं लिहिलं, "आमच्याकडं सगळे ठीक आहेत, देवाची कृपा." एक ताई तर मला फोनवर म्हणाली, "पुढच्या महिन्यात लग्न आहे घरात, आताच कुठं त्या दारात जाऊ? तूच घेऊन जा नं." मी म्हटलं, ताई, मी नेईन, पण तुम्ही या ना. तिनं फोन ठेवून दिला.

आणि दुसऱ्यांना काय बोलू, माझ्याच घरात काय झालं ते सांगते. आईच्या लग्नाची सीडी काकांनीच काढलेली. मी कपाटातून काढली त आईनं हातातून ओढून घेतली.

"चांगली सवाष्णीच्या लग्नाची सीडी, त्या घरी नेते काय?"

"त्या घरी काय आहे आई? एक बाई आहे, एक कॉम्प्युटर आहे."

"मले नको शिकवू. लोक काय काढाले जातात तिथं, माहीत आहे मले."

"आबांचा फोटो काढायला मलाच पाठवलं होतं ना तू? तेव्हा चाललं?"

"तेव्हा गरज होती."

"काकूंना आता गरज आहे."

आई म्हणाली, "तोंड लय चालते तुहं." सीडी कपाटात ठेवली, किल्ली कमरेला खोचली. झालं. मी दोन दिवस आईशी बोलली नाही, म्हणजे ठरवलं होतं, दुसऱ्या दिवशीच बोलावं लागलं कारण भूक लागली होती.

मग शनिवार आला. मी काकूंकडंच होती, रिकाम्या कॉम्प्युटरवर उगाच आवराआवर करून राहिली होती. बाहेरून जामसांवलीची गर्दी चालली होती, टाळ, जयजयकार, लहान पोरं खांद्यावर. काकू दारात बसून पाहत होत्या. त्या गर्दीतून एक बाई बाजूला झाली आणि गेटपाशी येऊन उभी राहिली. आई. हातात नारळाची थैली, देवाला चालली होती. आत नाही आली. बाहेरूनच.

काकू उठल्या. "कोण गेलं?"

"कोणी नाही सरलाताई," आई म्हणाली. तोंड लाल झालं होतं, उन्हानं असेल. थैलीतून सीडी काढली. "माह्या लग्नाची आहे. भाऊजीनं काढली होती. चालते का पाहा."

काकूंनी सीडी पदराला पुसली. आणि मला काय म्हणाल्या माहीत आहे? "लाव. पण पहिले आंघोळ." आता इतक्या जुन्या सीडीला काय व्हायरस लागणार, पण मी स्कॅन लावलं. पट्टी सरकून राहिली होती, त्यामुळं आईला थांबावं लागलं. पहिले गेटपाशी. मग पायरीपाशी. मग काकू म्हणाल्या, "बस ना," आणि आई आत आली आणि अगदी काठावर बसली, जशी बसमध्ये तीनच्या सीटवर चौथी बाई बसते तशी.

मग सीडी लावली. आई बारीक, घाबरलेली, मुंडावळ्या तिरप्या. आबा दिसले, बादली होतीच. सगळीकडं गाणी टाकलेली होती वरून, पण मध्ये एका जागी गाणं टाकायचं राहून गेलं होतं. नुसता मंडपाचा गोंगाट, आणि अगदी जवळून, कॅमेऱ्याच्या मागून एका माणसाचा आवाज आला. "वहिनी, इकडं पाहा. अजी, रडता काहून? थोडं हसा ना, जेवण चांगलं आहे आज."

आणि स्क्रीनवर आई खुदकन हसली.

मी काकूंकडं पाहिलं नाही. माझी हिंमत नाही झाली. बाहेर लोक चालून राहिले होते. थोड्या वेळानं काकूंचा हात पुढं आला आणि त्यांनी ते मागं नेलं. "वहिनी, इकडं पाहा." परत मागं. "वहिनी, इकडं पाहा." दिसत काकांचं काहीच नव्हतं. आईच दिसत होती.

आईनं डोळे पुसले आणि उठली. सवयीनं गुपचूप. चप्पल घातली, गेटपर्यंत गेली. मी मनात म्हटलं, गेली. आणि आई थांबली, वळली, आणि जरा जोरातच म्हणाली, कारण रस्त्यावर आवाज होता,

"येते सरलाताई!"

काय म्हणायचं असते ते काकू विसरल्याच होत्या. आई गर्दीत दिसेनाशी झाली तेव्हा त्यांच्या तोंडून निघालं, "या." कोणीच नव्हतं ऐकायला, माझ्याशिवाय.

आता मला सांगता आलं असतं की मग सारा गाव आला. नाही आला. कुलदीप आला एकदा, देवकाबाईचे खरे फोटो मोबाइलमधून घेऊन. बस. आईचं लग्न, देवकाबाई आणि माझ्या मोबाइलवरचे बादलीवाले आबा, एवढेच आहेत त्या कॉम्प्युटरमध्ये. काकू रोज सकाळी उघडतात, पूर्ण स्कॅन करतात, तीन फोल्डरवर पट्टी भरकन संपून जाते. मग दिवसभर काही नाही. परवा मला म्हणाल्या, "पहिले किती वेळ लागत होता, नाही?"

माझी परीक्षा आहे, मग मी पुढचं शिकायला नागपूरला जाईन बहुतेक. म्हणून लिहिलं. आई रागावेल, नाही तर नाही रागावणार.

कपाट उघडा. साड्यांच्या खाली पाहा. लग्न, जावळं, काहीही असो, घेऊन जा. नसेल काही तर तसेच जा. पण लवकर जा, आणि घरात सगळे धडधाकट असतानीच जा. "कोण गेलं?" म्हणतील, घाबरू नका, सवय आहे त्यांची. कोणीच नाही म्हणा. पेनड्राइव्हला आंघोळ होईपर्यंत बसा, चहा घ्या. आणि निघतानी दारात थांबून, त्यांना नीट ऐकू जाईल असं म्हणा, येतो काकू.